पाऊस लागायच्या आधी डिस्क ब्रेक एकदा उघडून बघा

दोन वर्षांपूर्वी जुलैत आम्ही चौघं बेळगावहून सायकलींवर निघून चोर्ला घाटानं गोव्यातल्या केरीकडे उतरत होतो. पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबीला पोचेपर्यंत पाऊस एकसारखा लागलेला. घाट सुरू झाला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागच्या चाकातून कर्रकर्र आवाज यायला लागला. वाटलं, माती अडकली असेल, निघून जाईल. अजून दोन वळणं गेली तसा आवाज बदलला, लोखंडावर लोखंड घासल्यावर येतो तसा. लिव्हर हँडलला टेकायला लागला. मग पुढच्या एका ब्रेकवर, थांबत थांबत, मधे चालत, कसाबसा खाली आलो.

केरीत एका बंद टपरीच्या वळचणीला चाक काढलं. पॅड, म्हणजे डिस्कला दाबून चाक थांबवणारी पट्टी, हातात आलं ते नव्या नाण्यासारखं चकचकीत. लायनिंग, म्हणजे पॅडवरचा झिजणारा थर, कधीच संपलं होतं आणि मागची पत्रीच डिस्कवर, चाकाच्या मधल्या पोलादी चकतीवर, घासत होती. दोन पॅडांच्या मधली स्प्रिंगसुद्धा एका बाजूनं खाल्लेली. निघताना मी चाकात हवा बघितली होती, चेनला तेल घातलं होतं, भाकरी-चटणी बांधून घेतली होती. पॅड तेवढं बघितलं नव्हतं.

बघितलं नव्हतं कारण ते दिसत नाही. जुन्या सायकलीचं ब्रेक रबर झिजलं की दोन हातांवरूनही कळायचं. डिस्कचं पॅड कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या ब्रेकच्या डबीच्या, पोटात लपलेलं असतं, वाकून डोकावल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. हे लिहितोय ते नव्यानं डिस्कवाली सायकल घेतलेल्यांसाठी आणि मुलाला घेऊन दिलेल्यांसाठी. काम अवघड नाही. एकदा केलंत की पुढच्या वेळी वीस मिनिटांत होतं.

आधी आपला ब्रेक कुठला ते ओळखा

लिव्हरपासून कॅलिपरपर्यंत जाणाऱ्या नळीकडे बघा. कॅलिपरपाशी ती संपून आतून उघडी तार बाहेर येत असेल आणि ती एक छोटा दांडा ओढत असेल, तर तुमचा ब्रेक केबलचा. नळी थेट कॅलिपरच्या अंगात शिरत असेल तर तेलाचा, म्हणजे हायड्रॉलिक. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या कमी किमतीच्या डिस्क सायकली बहुतेक केबलच्या असतात.

हा फरक पुढं पावलोपावली लागतो. तेलाच्या ब्रेकमध्ये दोन्ही बाजूंचे पिस्टन, म्हणजे पॅड ढकलणारे दट्टे, हलतात आणि पॅड झिजेल तसे आपोआप पुढं सरकून बसतात. त्यामुळं पॅड संपत आलं तरी लिव्हरला फारसं जाणवत नाही. केबलच्या बहुतेक ब्रेकमध्ये फक्त बाहेरचं पॅड हलतं. आतलं, म्हणजे स्पोकच्या बाजूचं, एका जागी उभं असतं. बाहेरचं पॅड डिस्कला किंचित वाकवून त्या आतल्या पॅडवर नेऊन दाबतं. म्हणून आतलं पॅड डिस्कच्या जितकं जवळ, तितका ब्रेक चांगला.

तेलाचा ब्रेक असेल तर एक गोष्ट आजच डोक्यात ठेवा. शिमानो आणि टेक्ट्रोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बहुतेक ब्रेकमध्ये डॉट जातीचं, म्हणजे गाड्यांच्या ब्रेकमध्ये असतं तसलं. लिव्हरच्या टाकीवर ते लिहिलेलं असतं. मिनरल ऑइलच्या ब्रेकमध्ये कुणी गाडीचं ब्रेक ऑइल घातलं, तर आतली रबरं फुगतात आणि अख्खा ब्रेक वाया जातो. "ब्रेक ऑइल आहे की माझ्याकडं, घालतो," असं कुणी म्हणालं तर आधी बाटली बघायला मागा.

किती उरलंय ते मोजा

चाक काढा. मोबाईलची बॅटरी लावा, कॅलिपरच्या मागं पांढरा कागद धरा आणि आत बघा. दोन्ही बाजूंना एकेक पत्री दिसेल आणि तिला चिकटलेला गडद थर. तो थर म्हणजे लायनिंग. नवं असताना ते साधारण दोन मिलिमीटर असतं. शिमानोच्या हिशेबानं ०.५ मिमी उरलं की पॅड बदलायचं. स्रॅम पत्रीसकट मोजायला सांगतं आणि सगळं मिळून ३ मिमीच्या खाली गेलं की बदला म्हणतं.

कारखान्यांचे आकडे बरोबरच आहेत, पण ते कणकुंबीच्या पावसाला धरून काढलेले नाहीत. माझा स्वतःचा नियम असा: मे अखेरीला पॅड काढायचं, आणि एक मिलिमीटरपेक्षा कमी उरलं असेल तर पावसाळ्यात त्याच्यावर जायचं नाही. काढलेलं पॅड फेकायचंही नाही. ०.५ मिमीच्या वर असेल तर दिवाळीनंतर कोरड्या रस्त्यावर ते अजून चालतं.

मोजायला व्हर्नियर, म्हणजे जबड्यात धरून बारीक माप दाखवणारी पट्टी, उत्तम. आपल्या गावात तो मिळत नाही असं कुणी सांगू नये. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत नाहीतर मशीन शॉपमध्ये काम करणारा एकजण तरी प्रत्येक गल्लीत असतोच, आणि त्याच्या कपाटात व्हर्नियरही असतो. नसलाच तर नेहमीच्या एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिलिमीटरच्या जरा वर असते. लायनिंग कार्डाएवढंच दिसलं तर पावसाळ्यासाठी नवी जोडी मागवा.

दोन पॅड सारखी झिजलीयत का तेही बघा. एक जाड आणि एक पातळ असेल तर कॅलिपर मधोमध बसलेला नाही किंवा एक पिस्टन अडकतोय. पॅड तिरकं, पाचरीसारखं झिजलं असेल तर कॅलिपरच तिरका आहे. अशा वेळी नुसतं नवं पॅड घातलंत तर तेही तसंच जाणार.

कुठलं पॅड घ्यायचं

आकार आधी, जात नंतर. पॅडचे आकार डझनांनी आहेत आणि नुसतं "शिमानोचं द्या" म्हणून भागत नाही, शिमानोचेच कितीतरी आहेत. कॅलिपरवरचा मॉडेल नंबर बघा, जुन्या पॅडच्या पत्रीवरही बऱ्याचदा छापलेला असतो. तोही पुसला गेला असेल तर जुनं पॅड खिशात घालून दुकानात जा आणि नव्यावर ठेवून बघा. पत्रीचा आकार, भोकाची जागा, वरचा कान, तिन्ही जुळले पाहिजेत. ऑनलाइन मागवताना मोजपट्टीवर ठेवून फोटो काढा आणि जाहिरातीतल्या फोटोशी ताडून बघा. डावं-उजवं लिहिलेलं असेल तर तेही पाहा, काही पॅड, विशेषतः वर पंख असलेली, डावी वेगळी आणि उजवी वेगळी असतात.

आता जात. ढोबळमानानं तीन.

रेझिन, ज्याला ऑरगॅनिकही म्हणतात. डिंकासारख्या रेझिनमध्ये तंतू आणि भुकटी घट्ट बसवून केलेलं. दाबल्या दाबल्या पकडतं, आवाज कमी, डिस्कला मऊ. नव्या सायकलीबरोबर बहुधा हेच येतं. पण चिखलात झरझर झिजतं, आणि लांब उतारावर फार तापलं की पकड ढिली पडते.

सिंटर्ड किंवा मेटॅलिक. धातूची भुकटी दाबून, वितळण्याच्या थोडं खाली तापवून एकजीव केलेली. उद्यमबागेतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. चिखलात, पावसात, उष्णतेत टिकतं. पण थंड असताना पहिली पकड जरा कमी, आवाज जास्त, आणि उष्णता पत्रीतून कॅलिपरकडं जास्त पाठवतं. मुख्य म्हणजे सगळ्या डिस्कवर चालत नाही. स्वस्त डिस्कच्या दांड्यावर इंग्रजीत 'रेझिन पॅड ओन्ली' असं कोरलेलं असतं. त्या डिस्कचं पोलाद मऊ असतं. सिंटर्ड पॅड तिला बघता बघता खाऊन टाकतं. पॅड घ्यायच्या आधी डिस्कवरची ही बारीक अक्षरं वाचायचीच. नव्या माणसाची सगळ्यात महागडी चूक इथंच होते.

सेमी-मेटॅलिक मधलं. रेझिनमध्ये धातूची भुकटी मिसळलेली.

मग घ्यायचं कुठलं? आपल्या भागाचं हवामान एक नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबी, पलीकडं चंदगड आणि आंबोली, इकडं पावसाळाभर पाणी आणि जांभ्या दगडाची तांबडी माती. ती माती ओली असताना लाल रंगासारखी दिसते, पण बोटांत चोळून बघा, आत बारीक खर लागते. तीच खर पॅड आणि डिस्कच्या मधे बसून पॉलिश पेपरचं काम करते. तिकडं पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडं पाऊस कमी. त्या बाजूला फिरणाऱ्याचं रेझिन पॅड आरामात टिकतं.

तर माझं मत: शहरातल्या शहरात, टिळकवाडी ते कॅम्प आणि परत, एवढंच असेल तर रेझिन घ्या आणि निवांत राहा. पावसाळ्यात पश्चिमेकडं जाणार असाल आणि डिस्क परवानगी देत असेल तर सिंटर्ड. डिस्क देत नसेल तर आधी तिच्यावरच्या सूचना आणि पॅडच्या पाकिटावरची माहिती ताडून सेमी-मेटॅलिक चालतं का ते बघा, नाहीतर रेझिनच घ्या आणि जास्तीची एक जोडी जवळ ठेवा. शाळेत जाणाऱ्या पोरासाठी साधं रेझिन पुरे, पण दर महिन्याला बघायची जबाबदारी मोठ्यांनी घ्यायची.

पुढं एक जात आणि मागं दुसरी चालते. एकाच कॅलिपरमध्ये मात्र दोन्ही पॅड एकाच पाकिटातली हवीत.

पॅड बदलणं

लागतं काय? ॲलन कीचा संच, चपटा स्क्रू ड्रायव्हर, नाकवाली पक्कड, टायर काढायचा प्लॅस्टिकचा लिव्हर, स्वच्छ पांढरं फडकं आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोल. हे शेवटचं मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडं असतं, ते त्याला आयपीए म्हणतात. रॉकेल, पेट्रोल, थिनर यातलं काहीही त्याच्या जागी नको, ते मागं चिकट थर ठेवतात. हात साबणानं धुऊन घ्या. सकाळी डोक्याला खोबरेल लावून तसंच पॅडला हात लावणारे मी बघितलेत.

चाक काढलं की तेलाच्या ब्रेकचा लिव्हर दाबायचा नाही. मधे डिस्क नसताना दाबला तर पिस्टन बाहेर येत राहतात, आणि मग ते परत बसवताना दिवस जातो. घरात पोरं असतील तर सायकल उलटी करून ठेवली रे ठेवली की ती लिव्हर दाबणारच, म्हणून मी पॅडांच्या मधे पुठ्ठ्याची घडी घालून ठेवतो.

कॅलिपरवर पॅड धरून ठेवणारा एक बारीक बोल्ट किंवा वाकवलेली पिन असते. बोल्टच्या टोकाला एक इवलीशी क्लिप. ती पक्कडीनं काढताना वर अंगठा धरा, नाहीतर उडते आणि फरशीवर सापडत नाही. बोल्ट काढला की दोन्ही पॅड आणि मधली स्प्रिंग एकत्रच बाहेर येतात, काहींत वरून, काहींत खालून. काही केबलच्या ब्रेकमध्ये पॅड लोहचुंबकानं धरलेली असतात, ती कानाला धरून मधे ओढायची. काढण्याआधी मोबाईलवर एक फोटो काढा. स्प्रिंग कुठल्या बाजूनं होती हे पाच मिनिटांनी आठवत नाही.

तेलाच्या ब्रेकमध्ये पिस्टन आता बाहेर आलेले असतात आणि नव्या जाड पॅडला जागा नसते. ते मागं ढकलायचे. आधी कापसाच्या काडीला अल्कोहोल लावून पिस्टनच्या कडेची घाण पुसा, नाहीतर ती पिस्टनबरोबर आत जाते. मग जुनीच पॅड परत आत ठेवा आणि त्यांच्या मधे प्लॅस्टिकचा टायर लिव्हर घालून हळूहळू फाकवा. जुनी पॅड ठेवायची ती पिस्टनच्या तोंडाला इजा होऊ नये म्हणून. स्क्रू ड्रायव्हर इथं वापरू नका, काही पिस्टन सिरॅमिकचे असतात, तडकतात.

केबलच्या ब्रेकमध्ये केबलचा बोल्ट थोडा सैल करा, आणि आतल्या पॅडची फिरकी, कॅलिपरच्या स्पोककडच्या बाजूला असते ती, उलटी फिरवून पॅड मागं घ्या.

नवी पॅड स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना धरा. लायनिंगच्या बाजूला बोट लागू देऊ नका. स्प्रिंगचे पाय लायनिंगच्या आणि डिस्कच्या मधे येता कामा नयेत. माझी स्प्रिंग घाटात खाल्ली गेली ती पॅड संपल्यामुळं, पण तिरकी बसवली तरी हेच होतं. सगळं एकत्र दाबून आत सरकवा, बोल्ट घाला, क्लिप लावा. बोल्ट फार आवळायचा नाही, तो फक्त पॅड पडू नये म्हणून आहे.

जुळवणी आणि रुळवणी

चाक परत बसवा, नीट खोबणीत बसलंय ते सायकल जमिनीवर उभी करूनच घट्ट करा. तेलाचा ब्रेक असेल तर लिव्हर आठ-दहा वेळा दाबा. पहिल्या दाबांना तो हँडलला टेकेल, घाबरू नका, पिस्टन पुढं येऊन बसतायत. हे न करता सायकल रस्त्यावर काढलीत तर पहिल्या चौकात ब्रेकच नसेल.

चाक फिरवून बघा. डिस्क सतत घासत असेल तर कॅलिपर फ्रेमला धरणारे दोन बोल्ट अर्धा-एक फेरा सैल करा, लिव्हर दाबून धरा, आणि दाबलेलाच ठेवून दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर त्याच्याबरोबर फिरतो. टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, असेल तर ६ ते ८ न्यूटन मीटर.

केबलच्या ब्रेकला आतली फिरकी पुढं घेत जा. डिस्क घासायला लागली की किंचित मागं. मग केबल ताणा. पुढं पॅड झिजत जाईल तसं लोक फक्त केबल ताणत राहतात. तसं केलं की दांडा अर्ध्या वाटेवर आधीच जाऊन बसतो आणि जोर उरत नाही. आधी फिरकी, मग केबल, हा क्रम मोडू नका.

नवं पॅड पहिल्या दिवशी पकडत नाही. पॅडचा एक बारीक थर डिस्कवर सगळीकडं सारखा चढायला लागतो, त्यानंतर पकड येते. त्यासाठी सकाळी सहाला कॅम्पातले रस्ते बरे. साधारण २० किमीचा वेग घ्या आणि एकाच ब्रेकनं, चालण्याच्या वेगापर्यंत हळूहळू कमी करा. चाक थांबू द्यायचं नाही, लॉक तर मुळीच नाही. थांबलं तर त्या एका जागी थर जाड बसतो आणि पुढं प्रत्येक फेऱ्याला धक्का लागत राहतो. असं वीसेक वेळा पुढच्यानं, वीसेक वेळा मागच्यानं. मग वेग थोडा वाढवून दहा-दहा वेळा. पाचव्या-सहाव्या वेळी लिव्हरखाली पकड वाढत गेलेली हाताला कळते.

रोटर, म्हणजे डिस्क

डिस्क पॅडपेक्षा बरीच जास्त टिकते, पण अमर नाही. शिमानोचा नवा रोटर १.८ मिमी जाड असतो आणि १.५ मिमीला बाद. किमान जाडी बहुतेक रोटरवरच बारीक कोरलेली सापडते. मोजायला मायक्रोमीटर चांगला, कारण व्हर्नियरचा जबडा कडेच्या न झिजलेल्या ओठावर बसतो आणि जाडी जास्त दाखवतो. चाक थांबलेलं असताना डिस्कच्या तोंडावरून नख फिरवा. कडेला पायरी लागली तर मोजायची वेळ आली. थांबलेलं असताना असं मी मुद्दाम म्हणतोय. फिरत्या डिस्कच्या भोकांत बोट गेलं तर बोट तुटतं, आणि नुकत्याच घाट उतरलेल्या डिस्कला हात लावला तर तव्यासारखा चटका बसतो.

नवा रोटर घेताना दोन गोष्टी जुळायला लागतात. व्यास: १४०, १६०, १८० किंवा २०३ मिमी, हाही बऱ्याचदा कोरलेला असतो. जेवढा होता तेवढाच घ्या. मोठा घालायचा तर कॅलिपरखाली ॲडॅप्टर लागतो आणि फोर्कला तेवढा मोठा चालतो का हेही बघावं लागतं. दुसरं, बसवणी: सहा बोल्टची, नाहीतर मधे दातेरी खाचा असलेली सेंटरलॉक. सेंटरलॉकची रिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची असते, तिला खास पाना लागतो, ते काम दुकानात करून घेतलेलं बरं.

सहा बोल्टचं घरी होतं. टी-२५ टॉर्क्स पाना हवा, त्या चांदणीच्या खाचेत ॲलन की जबरदस्तीनं घालून खाच गुळगुळीत करू नका. सगळे बोल्ट आधी पाव फेरा सैल, मग काढा. नव्या रोटरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो बघून बसवा. बोल्ट समोरासमोर, चांदणी काढल्यासारखे, थोडे थोडे आवळा, शेवटी ४ ते ६ न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर छोटी की आखूड धरून आवळा, लांब दांडा लावून जोर काढू नका. मग अल्कोहोलनं पुसा आणि वर सांगितलेली रुळवणी परत.

डिस्क वाकडी झाली की शिक-शिक-शिक असं ठरावीक अंतरानं घासते. रेल्वेत, टेम्पोत सायकल आडवी टाकली की हे हमखास. चाक हळू फिरवा, मागं पांढरा कागद धरा, फट कुठं बंद होते ते बघा, तिथं दांड्यावर पेन्सिलीची खूण करा. स्वच्छ पुसलेल्या स्क्रू पान्यानं तेवढाच भाग धरून अगदी किंचित उलटा वाकवा. परत फिरवा, परत बघा. हे धीराचं काम आहे. एकदम सरळ करायला गेलात की डिस्क दुसरीकडं वाकडी होते.

किंचाळणारा ब्रेक

पावसात ब्रेक ओरडतो, डिस्क वाळली की गप्प होतो. त्याची काळजी नको. कोरड्यातही ओरडत असेल आणि पकडही कमी झाली असेल तर डिस्कवर तेल गेलंय.

माझ्या पहिल्या डिस्क सायकलीचं असं झालं तेव्हा मी नवी पॅड घेऊन शहापुरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडं गेलो. त्यांनी पाकीट हातात घेतलंच नाही. "पॅड कशाला बदलायलास? आधी डिस्क पूस की." पुसली. फडकं काळं झालं. "आता सांग, चेनला तेल कसं घालतोस?" स्प्रेनं, म्हटलं. ते नुसते हसले.

चेनचं तेल हे डिस्कचं सगळ्यात मोठं दुखणं. स्प्रेचा फवारा चेनवर जातो तेवढाच मागच्या डिस्कवर जातो. म्हणून थेंबाच्या बाटलीनं, एकेका कडीला एकेक थेंब, आणि त्या वेळी डिस्कवर पावाची रिकामी पिशवी गुंडाळायची. खाली कालचा 'तरुण भारत' अंथरा. जादाचं तेल फडक्यानं पुसून मगच पिशवी काढा.

दुसरं, दुचाकी धुण्याचं ठिकाण. तिथं चिखल सोडवायला डिझेलचा फवारा मारतात आणि शेवटी चकाकीसाठी पॉलिश. मी एकदा सायकल तशी धुऊन घेतली आणि घरी येईपर्यंत दोन्ही ब्रेक गेले. पॅडांनी डिझेल पिऊन टाकलं होतं. सायकल घरी, साध्या पाण्यानं, बादली आणि ब्रशनं धुवा. तिसरं, वळवाचा पहिला पाऊस. वर्षभर रस्त्यावर सांडलेलं तेल पाण्यावर तरंगतं आणि पुढच्या गाड्यांच्या चाकांतून उडून आपल्या डिस्कवर येतं. त्या दिवशी घरी आल्यावर डिस्क पुसायचीच.

आणि खंडेनवमी. सायकल पुजायची तर जरूर पुजा, लिंबू चाकाखाली ठेवा, हार हँडलला घाला. हळदकुंकवाची बोटं मात्र डिस्कला नकोत. आमच्याकडं आईनं एका वर्षी दोन्ही डिस्कवर तेलात कालवलेल्या कुंकवाची स्वस्तिकं काढली होती. दसऱ्याच्या सकाळी सीमोल्लंघन माझं पायीच झालं.

तेल गेलेल्या डिस्कचं औषध सोपं: अल्कोहोल, स्वच्छ फडकं, आणि फडक्याला काळं येईनासं होईपर्यंत पुसणं. पॅडचं औषध तितकं खात्रीचं नाही. सपाट फरशीवर पॉलिश पेपर ठेवा, १२० ते २२० नंबरचा, आणि त्यावर पॅड आठच्या आकड्यात हलक्या हातानं फिरवा, वरचा चकचकीत थर जाईपर्यंत. धूळ नाकात जाऊ देऊ नका, ओलं फडकं जवळ ठेवा. अल्कोहोलनं पुसा, वाळवा, परत रुळवा. वरवरचं तेल असेल तर ब्रेक सुधारतो. आत मुरलेलं असेल तर दोन दिवसांत परत ओरडायला लागतो, मग ते पॅड टाकून द्या. काहीजण गॅसवर पॅड भाजून तेल जाळतात. माझं मत विचाराल तर करू नका. धूर वाईट, आणि लायनिंग पत्रीला धरून ठेवणारा चिकटा सुटला तर पुढच्या घाटात कळेल.

चकचकीत थर तेलाशिवायही येतो. सतत हलका ब्रेक दाबून घाट उतरला की पॅडचं तोंड भाजून काचेसारखं होतं. सायकल आणि माणूस मिळून ९० किलो धरा आणि घाट ६०० मीटरचा. एवढ्या उताराची सगळी शक्ती उष्णता झाली तर दीड लिटर पाणी उकळेल. त्यातली थोडी वारा घेतो, बाकी सगळी दोन पातळ पत्र्यांत जाते. म्हणून वळणाच्या आधी जोरात आणि थोडा वेळ दाबा, वळणानंतर सोडून द्या, डिस्कला वारा लागू द्या. दोन्ही ब्रेक वापरा. वास आला की थांबा, आंबोलीत थांबायला कारण लागत नाही. पण तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतू नका, वाकते.

जवळ ठेवायची जोडी

पॅडची जोडी चार नाण्यांएवढी जड. घाटात जाताना सीटखालच्या पिशवीत एक जोडी, क्लिप आणि बोल्टासकट, आणि बोल्टाला लागणारी की असू द्या. केरीत त्या दिवशी मित्राकडं जोडी होती, पण त्याच्या ब्रेकची. तासभर वाट बघून टेम्पोत सायकल टाकून परत आलो.

जोडी ठेवायची ती मात्र झिपच्या छोट्या पिशवीत, बंद करून. पंक्चरच्या सोल्युशनची ट्यूब आणि चेनच्या तेलाची बाटली त्याच पिशवीत असते. केरीहून आल्यावर घेतलेली माझी जोडी कागदात गुंडाळून ठेवली होती, आणि सहा महिन्यांनी काढली तेव्हा ती तेलात भिजवलेल्या बिस्किटासारखी झाली होती.